खडीखाणीची जनसुनावणी : इतिवृत्त वाचून होईपर्यंत थांबा

माघात आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागला. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेली खडीची खाण साडेचार हेक्टरांवरून नऊ हेक्टरांवर न्यायची आहे, त्यासाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी होईल, हरकती लेखी द्या किंवा त्या दिवशी येऊन सांगा, असा मजकूर होता. नव्या हद्दीपासून आमची विहीर सहाशे मीटरांवर येत होती. म्हणून ही सरकारी सेवा मी पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वापरली. ज्यांच्या गावात उद्या असा कागद लागेल त्यांच्यासाठी हा अभिप्राय. पाचपैकी तीन तारे देते.

आधी माझं स्थान सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला तोलता येईल. आमची दोन एकर अंजिराची बाग आहे, उन्हाळ्यात तोडणीला येणारा मीठा बहार धरतो. माझे धाकटे दीर हायवा, म्हणजे मोठा डंपर, चालवतात आणि याच खाणीतली खडी वाहतात. आमच्या घराचा स्लॅबही याच खडीचा आहे. दगड काढूच नका, असं मी कधी म्हटलं नाही. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन काळ्या पाषाणावर बसली आहे, रस्ते आणि घरं त्यातूनच होणार. पण आमच्या विहिरींचं पाणीही त्याच पाषाणाच्या वरच्या, झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात असतं. खाणीचा खड्डा त्या थराच्या खाली गेला की झरे तिकडे वळू शकतात, मग खड्ड्यात पंप लागतो आणि विहिरीला तळ दिसतो. मला एवढंच विचारायचं होतं की हे कुणी मोजलं आहे का.

आमच्याकडे मोजमाप होतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, दर अक्षय तृतीयेला विहिरीत उतरून पाण्याच्या पातळीला बांधकामाच्या दगडावर ऑइलपेंटची आडवी रेघ मारायचे आणि शेजारी साल लिहायचे. ते गेल्यावर मुलगा मारतो. अशा चौदा रेघा आहेत. वरच्या रेघा एकमेकींना चिकटून, खालच्या सुट्या सुट्या. सगळ्यात खालची २०१९ची. तिला खाण कारण नाही, हे मीच सुनावणीत सांगितलं. ऑक्टोबर २०१८मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्याच्या पुढचा तो उन्हाळा. माझा प्रश्न त्यानंतरच्या रेघांबद्दल होता. पाऊस चांगला झाला, ओढा वाहिला, तरी अक्षय तृतीयेचं पाणी जुन्या रेघांपर्यंत परत का चढलं नाही?

आता सेवा कशी आहे ते सांगते.

पहिली साडेचार हेक्टरांची खाण सुरू झाली तेव्हा आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ते नियमाला धरूनच होतं. पूर्वी पाच हेक्टरांच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे खडी, मुरूम, वाळू अशांच्या, खाणीला पर्यावरणाची मंजुरी लागायची नाही. २७ फेब्रुवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितलं की लहान खाणींनाही ती घ्यावी लागेल. मग जानेवारी २०१६मध्ये केंद्राने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पातळीवरची प्राधिकरणं आणली आणि छोट्या खाणींच्या फायली तिथे निघू लागल्या. आमच्या खाणीची २०१७ सालची मंजुरी त्याच वाटेने आलेली. १३ सप्टेंबर २०१८ला राष्ट्रीय हरित लवादाने सत्येंद्र पांडे प्रकरणात या सुटसुटीत वाटेवर बोट ठेवलं. आज पाच हेक्टरांच्या आतल्या एकट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. खाण त्याहून मोठी असेल, किंवा एकमेकींपासून पाचशे मीटरांच्या आतल्या खाणींचं मिळून क्षेत्र पाच हेक्टरांवर जात असेल, तर लागते. एवढ्या वर्षांत विस्तारामुळे पहिल्यांदा आम्हाला बोलायची जागा मिळाली. पहिला तारा ती जागा असण्याचा.

सुनावणीचे नियम केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेत आहेत आणि ते कागदावर चांगले आहेत, हे मनापासून सांगते. किमान तीस दिवस आधी सूचना, ती वर्तमानपत्रात, त्यातलं एक आपल्या भाषेतलं. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि ग्रामपंचायतीत बघायला ठेवायचा, सोबत मराठी सारांश. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. सगळ्याचं चित्रीकरण. हजर असलेल्या प्रत्येकाला बोलायची संधी.

प्रत्यक्षात ग्रामपंचायतीत फक्त सारांश होता, चौदा पानांचा. इंग्रजी अहवालासाठी मी एसटीने दोनदा जिल्ह्याला गेले. पहिल्या दिवशी तो ज्यांच्या कपाटात होता ते रजेवर. दुसऱ्या दिवशी मिळाला, अडीचशे पानांच्या वर. पुतण्या डिप्लोमा करतो, तो शेजारी बसून वाचत गेला आणि मी वहीत उतरवत गेले. फोटो काढू का, असं विचारल्यावर तिथल्या बाईंनी काढू दिले आणि दोन वाजता चहाही दिला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाने, पदरी पोर असलेल्या बाईने हे कसं करावं? इथे एक तारा मी कापला.

सारांशाचं मराठी म्हणजे इंग्रजी शब्दांवर देवनागरीचं पांघरूण. ‘आधाररेषा माहिती’ म्हणजे ‘बेसलाइन डेटा’, परिसराची आत्ताची स्थिती, हे मला इंग्रजी अहवाल पाहिल्यावर कळलं. परिसरातली पिकं म्हणून ज्वारी, बाजरी आणि कांदा लिहिलेला, अंजीर आणि सीताफळ यांचा शब्दही नाही. अंजिराचं पान खरखरीत असतं, त्यावर बसलेली धूळ वाऱ्याने जात नाही, आणि फळाची साल इतकी नाजूक की धुऊन बाजारात पाठवता येत नाही. धूळ बसलेली पाटी व्यापारी बाजूला काढतो. म्हणजे या खाणीचा पहिला फटका ज्या पिकाला, तेच यादीत नव्हतं. एक किलोमीटरच्या आतल्या विहिरी चार लिहिल्या होत्या. मी आणि जाऊबाई दोन दिवस बांधाबांधाने फिरलो, तेवीस भरल्या.

आणि मुख्य गोष्ट शंभराव्या पानाच्या आसपास सापडली. विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत घेतलेली होती. एका हंगामाची माहिती घ्यायची, अशी पद्धत आहे. पण पावसाळा संपल्या संपल्या आमच्याकडे कुठल्याही विहिरीत वाकून पाहा, पाणी हाताला लागतं. बागेला पाणी लागतं ते मार्च, एप्रिल, मे. त्यातल्या एकाही दिवसाचं माप अडीचशे पानांत नव्हतं. अहवाल करणारी संस्था मान्यताप्राप्त असावी लागते, तिचे पैसे मात्र खाण मागणाराच देतो. मी कुणाच्या हेतूवर बोलणार नाही. पण ज्या महिन्यांत प्रश्नच पडत नाही त्या महिन्यांत मोजलं तर उत्तर चांगलंच येणार, हे विहीर असलेल्या कुणालाही कळेल.

पुतण्या म्हणाला, “काकी, विस्तार मागतायत म्हणजे आधीच्या मंजुरीच्या अटी पाळल्या का, हेही बघावं लागत असेल ना?” पोरगं बरोबर बोललं होतं. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक खाणीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो सगळ्यांना बघायला खुला असतो. विस्ताराच्या प्रस्तावात या पालनाचा तपासलेला दाखला मागितला जातो. मी माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. मागच्या पाच वर्षांचे दहा अहवाल असायला हवे होते. फळ्यावर कागद लागल्यापासून सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं, सोबत चार अहवालांच्या प्रती. एकात लिहिलं होतं की हद्दीच्या आतला साडेसात मीटरांचा पट्टा मोकळा ठेवून त्यावर झाडं लावली आहेत. तो पट्टा आमच्या बांधावरून दिसतो. तिथे दगडाची पूड आणि जुने टायर आहेत. मी त्याचा तारखेसह फोटो काढला.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२०च्या मार्चमध्ये सुनावणीच्या नियमांच्या या अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला होता, त्यात तीस दिवसांची मुदत वीसवर आणायचं घाटलं होतं. तो मसुदा अंतिम झाला नाही. झाला असता तर माझं सव्विसाव्या दिवशी आलेलं पाकीट सुनावणी होऊन गेल्यावर उघडलं असतं. शहरातल्या माणसाला दहा दिवस किरकोळ वाटतील. आमच्याकडे एक अर्ज, एसटीच्या दोन फेऱ्या आणि रजेवरच्या एका माणसाची वाट बघणं, यात तेवढे दिवस जातात.

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मंगल कार्यालयात, सकाळी अकराला. मीठा बहार तोडणीला आलेला. अंजीर पहाटे तोडून, पाट्या भरून गाडीला लावेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात आणि ही तोडणी बायकाच करतात, घरचं काम त्यानंतर. चारशे उंबऱ्यांच्या गावातून बायका आल्या सतरा, मी मोजल्या. हीच सभा दुपारी चारला ठेवली असती तर हॉल भरला असता. दुसरा तारा इथे गेला.

सुरुवातीचा पाऊण तास संस्थेच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. मग गोंधळ सुरू झाला. आमच्याच गावातली काही मंडळी उभी राहून घोषणा देऊ लागली, दोघांनी माइक ओढला, खुर्च्या सरकल्या, आणि बहिष्कार म्हणत पन्नास-साठ जण बाहेर गेले. त्यांचा राग मला कळतो, त्यांच्यातल्या काहींच्या घरांना तडे गेले आहेत. पण हे नीट समजून घ्या. जनसुनावणीला गणसंख्येची, म्हणजे किमान इतकी माणसं हवीत अशी, अट नाही. तुम्ही बाहेर गेलात तरी ती थांबत नाही. तिथे मतदानही होत नाही, हात मोजले जात नाहीत. त्या अर्ध्या तासाचं इतिवृत्तात एक वाक्य झालं : काही ग्रामस्थांनी प्रकल्पास विरोध दर्शविला. ज्या माणसाच्या भिंतीत बोट जाईल एवढा तडा आहे त्याचं नाव, त्याचं घर, सुरुंगाची वेळ, काहीच नोंदलं गेलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

जे थांबले त्यांचं मात्र नीट ऐकलं गेलं. अध्यक्षस्थानी अपर जिल्हाधिकारी मॅडम होत्या. माझा हात थरथरत होता, वहीची पानं उलटी धरली गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, सावकाश. सगळं लिहून घेतलं जातंय.” मी चौदा रेघांचा फोटो पडद्यावर लावायला दिला, त्यांनी लावू दिला. तेवीस विहिरींची यादी दिली, त्याची पोच घेतली. मग सुरुंगाचं विचारलं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी कंपनाच्या मर्यादा दिल्या आहेत. कंपनाची वारंवारिता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ असेल तर १०, त्याच्या वर १५. अहवालात सूत्राने काढलेला अंदाज होता. मी म्हटलं, खाण तर चालूच आहे, सुरुंग दर आठवड्याला उडतो, मग यंत्र लावून घेतलेला आकडा का नाही? संस्थेचा माणूस म्हणाला, अंतिम अहवालात देऊ. मॅडमनी ते वाक्य नोंदवायला सांगितलं.

त्यानंतर दोघं जण बोलले, ते मी विसरणार नाही. एक वडार समाजाची बाई, खाणीवर कामाला असलेली. ती म्हणाली, काम बंद करू नका, आम्हाला दुसरी जमीन नाही, पण क्रशरजवळ पाण्याचे फवारे चालू ठेवा, साहेब लोक येतात त्याच दिवशी चालतात. क्रशरला पट्ट्यांवर झाकण, वारा अडवणारी भिंत, पाण्याचा फवारा हे सगळं नियमात आहे. यंत्रापासून ठरलेल्या अंतरावर हवेतली धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी, असा मापदंडही आहे. तिला तो आकडा ठाऊक नव्हता. तिने पदराने तोंड पुसून पदर पुढे धरून दाखवला.

दुसरे माझे दीर. भावजी बोलायला उठतील असं मला वाटलं नव्हतं, त्यांचा पगार खेपांवर आहे. ते म्हणाले, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा अर्धा तास एकही हायवा रस्त्यावर नको, ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी काट्यावरून सुटायला नको, आणि ही अट आम्हा ड्रायव्हरांवर टाकू नका, मालकावर टाका, कारण आम्ही थांबलो तर आमची खेप जाते. एवढं बोलून ते खाली बसले आणि घामेजलेले हात पँटला पुसत राहिले. घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, “भावजी, तुमची नोकरी?” ते म्हणाले, “वहिनी, आपलीच पोरं त्या रस्त्याने जातात.”

आता ज्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले ते सांगते. सुनावणी संपल्यावर इतिवृत्त हजर लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, आणि मगच त्यावर सही होते. हे वाचन साडेतीनला सुरू झालं. सकाळी अडीचशेच्या आसपास माणसं होती, तेव्हा चाळीसही उरली नव्हती. जेवणाची पाकिटं वाटून झाली होती, मंडपवाला खुर्च्या आवरत होता. माझं म्हणणं असं वाचलं गेलं : श्रीमती अमुक यांनी पाण्याची समस्या मांडली. तेवीस विहिरी, चौदा रेघा, सगळ्याचं मिळून ‘पाण्याची समस्या’. त्याला उत्तर काय येणार? पावसाचं पाणी साठवणार, म्हणून एक ओळ आली असती आणि विषय संपला असता.

मी उठून म्हटलं, मॅडम, मी समस्या मांडलेली नाही, मी मागणी केली आहे. पाणीपातळी अक्षय तृतीयेच्या सुमारास, म्हणजे मे महिन्यात, तेवीसही विहिरींत मोजावी आणि तोवर अहवाल पूर्ण धरू नये, असं लिहा. मागे कुणीतरी उसासा टाकला, सगळे दमले होते. मॅडमनी लिपिकाला माझं वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मला विचारलं, “बरोबर?” वडार बाईचं फवाऱ्याचं म्हणणं तर गाळलंच गेलं होतं. ती निघून गेली होती, म्हणून तिच्या वतीने मी आठवण केली, चित्रीकरण पाहून खात्री करून ते घातलं गेलं. उरलेले दोन तारे या अर्ध्या तासाचे आहेत. सेवेचा खरा उपयोग इथेच होतो आणि इथपर्यंत बहुतेक लोक थांबत नाहीत. भाकरी बांधून न्या, पाण्याची बाटली न्या, घरी परतायची गाडी पाच नंतरची ठरवा.

इतिवृत्त आठ दिवसांत पुढे पाठवायचं असतं. आमचं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं आणि पुतण्याने ते परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवरही शोधून दिलं. माझं वाक्य त्यात तसंच आहे. इथून पुढे खाणवाल्याला प्रत्येक मुद्द्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं, मग राज्याची तज्ज्ञ समिती तो तपासते आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण निर्णय देतं. निर्णय मान्य नसेल तर हरित लवादाकडे तीस दिवसांत अपील करता येतं, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. त्या तीस दिवसांची तारीख मी आत्तापासूनच कॅलेंडरवर बघत असते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेची दोन मुलं मोटारसायकलवर आली. हातात तेवीस विहिरींची यादी, माझ्याच अक्षरातली, झेरॉक्स केलेली. त्यांनी आमच्या विहिरीत टेप सोडला, पाण्याला टेकल्यावर खडूने टेपवर खूण केली आणि आकडा लिहून घेतला. जाताना त्यातल्या एकाने वाकून बांधकामाकडे पाहिलं आणि विचारलं, “काकू, या रेघा कुणी मारल्यात?” मी त्याला अण्णांचं नाव सांगितलं. त्याने ते कागदाच्या समासात लिहून घेतलं.